एफडी मोडून निवासी क्रिकेट अकादमी? ताई, तीन वर्षं थांबा

लातूरच्या एका शिक्षिका ताईंनी विचारलंय: मुलगा ११ वर्षांचा आहे, क्रिकेटचं वेड आहे. पुण्याच्या निवासी अकादमीत घालायचं म्हणतोय. फी वर्षाला १,८०,०००, वर किट आणि जाण्यायेण्याचे ४०,०००. पगार हातात ५८,०००. घराचा हप्ता आणि घरखर्च जाऊन महिन्याला ९,००० उरतात, त्यातले ३,००० सात वर्षांच्या मुलीच्या सुकन्या (मुलींसाठीच्या सरकारी बचत योजनेच्या) खात्यात जातात. बँकेत साडेतीन लाखांची एफडी आहे. ती मोडावी का, आणि सुकन्यात वर्षाला फक्त २५० भरून खातं चालू ठेवावं का?

ताई, आधी हिशोब करू. सुकन्याचे पैसे वळवले तर महिन्याचे ९,००० म्हणजे वर्षाचे जवळपास १,०८,००० अकादमीला जातील. उरलेले १,१२,००० दरवर्षी एफडीतून काढावे लागतील. फी एक रुपयाही वाढली नाही तरी साडेतीन लाख तीन वर्षांत संपतात. तेव्हा मुलगा १४ वर्षांचा असेल. १६ वर्षांखालच्या विजय मर्चंट करंडकासाठीच्या संघात येण्याची खरी धडपड त्याच सुमाराला सुरू होते. म्हणजे ज्या वर्षी पैसा हाताशी हवा, नेमकं त्याच वर्षी घर रिकामं झालेलं असेल. माझा विरोध खेळाला नाही, या वेळापत्रकाला आहे.

औशाजवळच्या चार एकरांतून चांगल्या वर्षी ४०,००० सुटतात, असं तुम्ही लिहिलंय. पण सोयाबीनचा पैसा दिवाळीच्या आसपास येतो आणि फी जूनमध्ये, ऐन पेरणीत भरायची. शिवाय २०१६ चा उन्हाळा तुम्ही लातुरातच काढलाय, रेल्वेने पाणी आलेलं पाहिलंय. तसं एखादं वर्ष आलं की घराला आधार त्या एफडीचाच. तिला हात लावू नका.

सुकन्याबद्दल जरा जास्त बोलतो. २५० भरले तर खातं बंद पडत नाही, हे तुमचं बरोबर. पण सध्याचा ८.२ टक्के व्याजदर तसाच राहिला आणि १५ वर्षं महिन्याला ३,००० जात राहिले, तर मुदतीअखेर साधारण १६ लाख होतात. दर तिमाहीला जाहीर होतो, त्यामुळे आकडा थोडा मागेपुढे होईल. सुरुवातीच्या वर्षांत भरलेल्या पैशावर व्याज सगळ्यात जास्त काळ चढतं, आणि तुम्ही तीच वर्षं सोडायला निघालात. तुमच्या पत्रातली एक ओळ माझ्या मनातून जात नाही: धाकटी रोज संध्याकाळी नेटच्या मागे उभी राहून दादाचे बॉल आणून देते. तिच्या नावाचे पैसेही दादाच्याच मागे धावायला लावू नका.

यजमान म्हणतात, पुढे सरकारी नोकरीत ५ टक्के क्रीडा आरक्षण आहे. आहे, पण त्यासाठी स्पर्धेतल्या प्राविण्याचं, पडताळणी झालेलं प्रमाणपत्र लागतं. अकादमीची पावती तिथे चालत नाही. आणि उशीर होईल ही भीती मनातून काढा. आपल्या बीडच्या आष्टी तालुक्यातला अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात गेला, स्टीपलचेसकडे, म्हणजे अडथळे ओलांडत धावायच्या शर्यतीकडे, तिथेच वळला आणि २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकची अंतिम फेरी धावला. क्रिकेट वेगळं, मान्य. पण ११ व्या वर्षी दार बंद होत नाही.

मग करायचं काय? लातुरातलं १,५०० रुपयांचं संध्याकाळचं कोचिंग चालू ठेवा. उरलेल्या ४,५०० ची त्याच्या नावाने आवर्ती ठेव काढा. तीन वर्षांत व्याज सोडूनच १,६२,००० होतात, एफडी शाबूत राहते आणि मुलीचं खातंही. ती अकादमी उन्हाळी शिबिर २२,००० त घेते म्हणता ना, सोयाबीन बरं झालं तर त्यातून येत्या मे महिन्यात त्याला तिथे पाठवा. घर सोडून महिनाभर राहतो का, पहाटे स्वतःहून उठतो का, जेवण नीट जातं का, हे तुम्हालाही कळेल आणि त्यालाही.

माझ्याकडे येणाऱ्या एका कुटुंबाने अशाच एका ठिकाणी वर्षाची फी एकरकमी भरली होती. दिवाळीत कोच सोडून गेला, मुलगा रडत परत आला, पैसे मात्र आले नाहीत. तुमच्याकडे या २० तारखेपर्यंत २५,००० ची आगाऊ रक्कम मागितलीय. ती भरू नका.