वाघ आणायचाय? मग आधी धनगरवाड्यावर बसायला शिक

प्रश्न : मी भुदरगड तालुक्यातला, बारावी सायन्सला आहे. सह्याद्रीत वाघ परत आणण्याच्या कामात मला आयुष्य घालवायचंय. पण माणसंच इतकी वाढलीत की जनावरांना जागा उरलेली नाही. लोकसंख्या कमी झाल्याशिवाय काही होईल असं वाटत नाही. बाबा म्हणतात इंजिनिअरिंगला जा. काय करू?

उत्तर : तुझी ओढ खरी आहे, आणि तू योग्य वेळी विचारलंस. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला 2010 मध्ये. तरी वाघ तिथे असून नसल्यासारखाच होता. 2025 च्या नोव्हेंबरात ताडोब्यातली वाघीण चांदोलीत आणली, ती त्याआधी सागरेश्वर अभयारण्यातली चितळं तिथे सोडून झाल्यावर. पोटाला नसेल तर वाघ थांबत नाही.

तुझ्या एका वाक्याशी मात्र मी सहमत नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्राचा जननदर 1.7 आहे, म्हणजे एका बाईमागे सरासरी दोनपेक्षा कमी मुलं. घरातली पोरं कमी झाली तरी जंगलाच्या कडेचा ताण वाढतोच आहे. रस्ते, रिसॉर्ट, बॉक्साइटच्या खाणी, डोंगराला भिडलेला ऊस. राजस्थानातल्या सरिस्का आणि मध्य प्रदेशातल्या पन्नातले वाघ संपले ते शिकारीमुळे. 2008 आणि 2009 मध्ये बाहेरून वाघ आणून ती जंगलं पुन्हा वसवावी लागली. ओडिशात सातकोसियाला 2018 मध्ये मध्य प्रदेशातून नर-मादी नेली. नर फासात अडकून मेला. वाघिणीने माणसं मारली म्हणून गावं पेटून उठली आणि शेवटी तिला परत पाठवावं लागलं. जंगल होतं, गावकऱ्यांचा भरवसा नव्हता.

मागे राधानगरीच्या बाजूला एका धनगरवाड्यावर गेलो होतो. रात्री बिबट्याने कालवड नेली होती. दावं तसंच खुंट्याला होतं, टोकाला तुटलेलं. वनरक्षक आला, ठसे मोजले, फोटो काढले, पंचनाम्याचा कागद भरला. हे सगळं वीस मिनिटांत झालं. मग तो तासभर म्हातारीच्या उंबऱ्यावर बसून राहिला. ती कालवडीच्या आईबद्दल बोलत होती, तो ऐकत होता. त्या तासाभराने त्या वाड्यावर कुणी बिबट्याला मारायला मढ्यावर विष टाकलं नसेल, असं मला मनापासून वाटतं. तुला करायचंय ते काम हे आहे. तिथे ‘माणसं जास्त झाली’ हे मनात धरून जाशील तर म्हातारीला ते तुझ्या तोंडावर दिसेल. चांदोलीच्या अभयारण्यग्रस्तांनी जमिनीसाठी किती वर्षं आंदोलनं केली, तेही घरात विचारून बघ.

आता शिक्षणाचं. बायोलॉजी सोडू नकोस. दापोलीच्या कृषी विद्यापीठात बी.एस्सी. फॉरेस्ट्री आहे, प्रवेश सीईटीवर. जनावरं बेशुद्ध करणं, हलवणं, त्यांच्यावर उपचार याची ओढ असेल तर ‘नीट’ ही प्रवेश परीक्षा देऊन पशुवैद्यकीयला जा. शिरवळ आपल्याला जवळ. हे दोन्ही जमलं नाही तर झूलॉजी घेऊन साधी बी.एस्सी. कर, त्यात कमीपणा नाही. पुढे डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था किंवा बेंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेतलं वन्यजीवशास्त्राचं एम.एस्सी. जागा मोजक्याच असतात, म्हणून सांख्यिकी आतापासून पक्की कर. खात्यात जायचं तर एमपीएससीतून वनक्षेत्रपाल किंवा सहायक वनसंरक्षक, यूपीएससीतून भारतीय वनसेवा. वनरक्षकाची भरती बारावीवर निघते, पण पदवी आधी घे.

बाबांची काळजी चुकीची नाही. संशोधनातली सुरुवातीची कामं प्रकल्पावर असतात, प्रकल्प संपला की पगार थांबतो. म्हणून पदवीच्या तिसऱ्या वर्षापासून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास सोबत ठेव आणि हे बाबांना स्वतः सांग. बुद्धपौर्णिमेला पाणवठ्यावरची गणना असते. बारावीची परीक्षा तोवर संपलेली असेल. वनविभागाकडे नाव नोंदव, एक रात्र मचाणावर काढ. सकाळी उतरलास की थेट घरी येऊ नकोस, जवळच्या वाड्यावर जा.