नॉर्थ विल्क्सबरोच्या दोन तारखा

नॅस्कार म्हणजे अमेरिकेतली स्टॉक कार (दिसायला साध्या गाड्यांसारख्या शर्यतीच्या गाड्या) शर्यती भरवणारी संस्था. तिच्या पहिल्या हंगामापासून चालत आलेला नॉर्थ विल्क्सबरोचा ट्रॅक 1996 मध्ये बंद का पडला, लोकांनी पाठ फिरवली होती का, असं तुम्ही विचारलंय. लोकांनी पाठ फिरवली नव्हती. शेवटच्या शर्यतीलाही स्टँड भरलेले होते. हा ट्रॅक विकत घेतला गेला तो त्याच्या तारखांसाठी, म्हणजे नॅस्कारच्या वेळापत्रकात त्याला मिळालेल्या शर्यतींसाठी. मला याचं आजही वाईट वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नॉर्थ कॅरोलायनातला विल्क्स परगणा म्हणजे डोंगरातल्या हातभट्ट्यांचा मुलूख. दिसायला साधी गाडी, आत जबरदस्त इंजिन, आणि रात्री अबकारी खात्याच्या लोकांना गुंगारा देत दारू पोचवायची. स्टॉक कार शर्यतीतले कितीतरी ड्रायव्हर असेच तयार झाले. ज्युनिअर जॉन्सन याच परगण्याचा. 1956 मध्ये तो वडिलांच्या भट्टीवर पकडला गेला, तुरुंगात जाऊन आला आणि पुन्हा शर्यतीत उतरून जिंकत राहिला.

इनॉक स्टेली यांनी इथे 1947 मध्ये मातीचा ट्रॅक सुरू केला. जेमतेम एक किलोमीटरचा. जमीन सपाट करायला पैसे पुरले नाहीत असं सांगतात, त्यामुळे स्टँडसमोरची बाजू उताराची राहिली आणि मागची चढाची. उतारावरून सुसाट आलेली गाडी पहिल्या वळणाआधी आवरायची आणि मागच्या बाजूला तीच गाडी चढावर रेटायची. पुढे 1957 मध्ये डांबर पडलं, पण उतार तसाच राहिला. टायर जपणारा ड्रायव्हर इथे पुढे निघायचा. नॅस्कारचे दिग्गज ड्रायव्हर रिचर्ड पेटी इथे 15 वेळा जिंकले.

आता मुद्द्याचं. नॅस्कारच्या मुख्य मालिकेच्या तारखा मोजक्याच असतात आणि नॉर्थ विल्क्सबरोकडे वर्षाला दोन होत्या, एक वसंतात आणि एक शरदात. नव्वदच्या दशकात टीव्ही आणि जाहिरातींचा पैसा वाढला, दीड-दीड मैलांचे प्रचंड ट्रॅक बांधले जाऊ लागले. ट्रॅक बांधता येतो, तारीख कुठून आणणार? मे 1995 मध्ये स्टेली वारले. त्यांच्या भागीदार कुटुंबाने आपला निम्मा हिस्सा टेक्सासमध्ये नवा ट्रॅक बांधणाऱ्या ब्रूटन स्मिथ यांना विकला आणि स्टेली कुटुंबाचा निम्मा न्यू हॅम्पशायरच्या ट्रॅकचे मालक बॉब बाहरे यांच्याकडे गेला. एक तारीख टेक्सासच्या नव्या कोऱ्या ट्रॅकला, दुसरी न्यू हॅम्पशायरला. हिशेब पूर्ण झाला. स्टँड छोटे, सोयी जुन्या, मोठं शहर लांब, ही कारणं खोटी नाहीत. पण ती आधीही होती आणि लोक तरीही येत होते.

29 सप्टेंबर 1996 ला जेफ गॉर्डन शेवटची शर्यत जिंकला आणि कुलूप लागलं. मध्ये 2010-11 च्या सुमारास छोट्या शर्यती झाल्या, त्या टिकल्या नाहीत. स्टँडचं लाकूड कुजलं, भिंतीवरची जाहिरातींची अक्षरं विटली, डांबराच्या भेगांतून गवत वर आलं.

डिसेंबर 2019 मध्ये नॅस्कारचे प्रसिद्ध ड्रायव्हर डेल अर्नहार्ट ज्युनिअर काही लोकांना घेऊन आले आणि त्यांनी ते गवत उपटलं. हेतू एवढाच की आयरेसिंग या ऑनलाइन खेळासाठी ट्रॅकची लेझरने मोजणी करता यावी, निदान संगणकावर तरी तो जिवंत राहावा. माझ्या मते खरी सुरुवात तिथे झाली. पुढे राज्याने 2021 मध्ये 1.8 कोटी डॉलर मंजूर केले, ऑगस्ट 2022 मध्ये पुन्हा गाड्या धावल्या आणि मे 2023 मध्ये नॅस्कारची ऑल-स्टार शर्यत इथे झाली, तीही 1981 च्या त्याच जुन्या डांबरावर. काईल लार्सन जिंकला. नवं डांबर 2024 साठी टाकलं.

ऑल-स्टार, म्हणजे निवडक ड्रायव्हरांच्या शर्यतीला मात्र हंगामाच्या अजिंक्यपदासाठीचे गुण नसतात. गुणांची शर्यत 2026 साठी जाहीर झाली, जुलैमधली. गेलेल्या दोनपैकी एक तारीख घरी आली.