मुलीचा विषय बदलण्याआधी

प्रश्न : माझी मुलगी टीवायबीएला आहे, विषय मानसशास्त्र. बारावीला ७८ टक्के होते. यंदा ‘अपसामान्य मानसशास्त्र’ (ॲबनॉर्मल सायकॉलॉजी) नावाचा पेपर आहे. तेव्हापासून तिला घरात सगळेच आजारी दिसतात. आईला चिंतेचा आजार, मला रागाचा, स्वतःला ओसीडी. तिच्या थोरल्या भावाने, वय २२, इंजिनीअरिंग सेकंड इयरला सोडलं. सात महिने घरीच आहे. दिवसा झोपतो, रात्री जागतो. खिडकीच्या काचांना वर्तमानपत्रं चिकटवली आहेत. आधी दुसऱ्या कुणी खाल्ल्याशिवाय ताटाला हात लावत नाही. अभ्यासाचं टेन्शन घेतलंय त्याने. पाहुण्यांनी एका ठिकाणचा अंगारा आणून दिला, तो आम्ही त्याच्या आमटीत घालतो. मुलीने वहीत त्याच्याबद्दल तारखा टाकून लिहून ठेवलं होतं आणि ‘दादाला स्किझोफ्रेनिया आहे’ म्हणाली. तिची आई दोन दिवस जेवली नाही. वही मी माळ्यावर टाकली. तिला म्हटलं, एवढं येतं तर तूच समजाव त्याला, घरातली गोष्ट घरात राहील. पण असली पदवी घेऊन उद्या वेड्यांत काम करणार असेल तर स्थळ कोण आणणार? तिला हा विषय सोडायला लावून एमपीएससीला घालावं का?
— एक वडील, सांगली जिल्हा (फर्निचरचा व्यवसाय)

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. एमपीएससीचं उत्तर महिन्याभराने दिलं तरी कुणाचं काही बिघडणार नाही. मुलाचं तसं नाही. म्हणून आधी त्याच्याबद्दल बोलते, आणि बराच वेळ त्याच्याबद्दलच बोलणार आहे.

मी करिअरचं मार्गदर्शन करते, आजाराचं निदान करत नाही. पत्रावरून तर कुणीच करू नये. पण २२ वर्षांचा मुलगा सात महिने घराबाहेर पडलेला नाही, खिडकी कागदाने झाकून बसतो आणि आईने वाढलेलं ताट आधी दुसऱ्याला खायला लावतो, हे वाचल्यावर ‘टेन्शन’ हा शब्द मला पुरेसा वाटत नाही. त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यायला हवं, आणि याच आठवड्यात. वास्तवाशी नातं सुटत जाणारे आजार, स्किझोफ्रेनिया त्यांतलाच एक, बहुतेकदा विशीच्या आसपास सुरू होतात. कधी तीव्र नैराश्यातही असं दिसतं, कधी गांजासारख्या नशेमुळे, कधी शरीरातल्या एखाद्या आजारामुळे. यातलं कुठलं, की यातलं काहीच नाही, ते तपासून डॉक्टर सांगतील. एवढं मात्र पक्कं आहे की आजार या प्रकारातला असेल, तर उपचाराविना जितका काळ जातो तितकं सावरणं अवघड होतं. सात महिने गेलेच आहेत.

आता त्या अंगाऱ्याबद्दल. तुमच्या श्रद्धेवर मला बोलायचं नाही. अंगारा देवघरात ठेवा, तुम्ही स्वतः कपाळाला लावा. पण तुमच्या मुलाला वाटतंय की आपल्या जेवणात कुणीतरी काहीतरी मिसळतंय, आणि त्याच्या जेवणात खरोखरच मिसळलं जातंय. एखाद्या रात्री आमटीच्या तळाशी त्याला राख दिसली असेल, तर घरातल्या माणसांवरचा त्याचा उरलासुरला विश्वास त्या वाटीत संपला असेल. त्याचा संशय आजारातून आला की अंगाऱ्यातून, की आधी आजारातून आणि मग अंगाऱ्याने पक्का झाला, हे आज कुणालाच सांगता येणार नाही. डॉक्टरांनाही ते तेव्हाच कळेल, जेव्हा तुम्ही अंगाऱ्याची गोष्ट त्यांच्यापासून लपवणार नाही. आजपासून त्याच्या ताटात काहीही मिसळू नका. पुढे गोळ्या सुरू झाल्यावर कुणीतरी हमखास सांगेल, ‘घेत नसेल तर वरणात कुस्करून द्या.’ तेही करू नका. घ्यायला नकारच देत असेल तर ते डॉक्टरांना सांगा, त्यांच्याकडे दुसरे मार्ग असतात.

तुमच्या मुलीने काय बरोबर ओळखलं आणि ती कुठे चुकली, हे तुमच्याच धंद्यातल्या हत्याराने सांगते. ‘नॉर्मल’ या शब्दाच्या मुळाशी ‘नॉर्मा’ हा लॅटिन शब्द आहे. नॉर्मा म्हणजे सुताराचा गुण्या. चौकट काटकोनात आहे की नाही ते तुम्ही गुण्या लावून एका क्षणात सांगता. माणसाला लावायला असा एकच गुण्या नाही, आणि तिच्या पेपरचे पहिले धडे नेमके याच अडचणीबद्दल असतात. चारचौघांपेक्षा वेगळं वागणं एवढ्यावर कुणी आजारी ठरत नाही. ‘वाटेत विठ्ठल माझ्याशी बोलला’ असं सांगणारा वारकरी आषाढी करून घरी येतो, पेरणीच्या मागे लागतो, नातवंडांत रमतो. त्याचं बोलणं त्याच्या माणसांना समजतं, त्याला त्याचा त्रास नाही, त्याचं काही अडत नाही. त्याला आजारी कोण म्हणेल? उलट, समाजाला खटकतं म्हणून आजार ठरवल्याचीही उदाहरणं आहेत. समलैंगिकता अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेच्या आजारांच्या यादीत होती, ती १९७३ साली त्यांनीच काढली. म्हणून वेगळेपणाच्या जोडीला आणखी तीन गोष्टी पाहतात : त्या माणसाला किंवा त्याच्या माणसांना त्रास किती होतोय, रोजचं जगणं किती अडलंय, आणि त्याच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका आहे का. शिवाय हे सगळं किती दिवसांपासून चाललंय.

तुमचा मुलगा आता या मापांनी पाहा. झोप उलटी झाली. कॉलेज सुटलं. दोन घास निर्धास्त खाता येत नाहीत. तो आळशी झालेला नाही. तो घाबरलेला असावा, आणि सात महिने एकटाच घाबरलेला असावा. मुलीने ते पाहिलं आणि तारखा टाकून लिहून ठेवलं. घरातल्या बाकी कुणी तेवढं केलं नाही.

चूक झाली ती नाव देण्यात. स्किझोफ्रेनियाचं निदान पुस्तकातली लक्षणं एकेक जुळवून होत नाही. डीएसएम-५ ही निदानाची पुस्तिका, जिचा उल्लेख तिच्या क्रमिक पुस्तकात असणारच, ती सांगते की त्रासाची चिन्हं किमान सहा महिने हवीत आणि नशा, शरीराचा आजार, मनःस्थितीचे विकार ही कारणं आधी तपासून बाजूला काढायला हवीत. त्यासाठी रुग्णाशी बोलावं लागतं, रक्त तपासावं लागतं, काही आठवडे पाहावं लागतं. तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनीचं ते काम नाही. स्वतःला ओसीडी, म्हणजे तीच तीच गोष्ट पुन्हा पुन्हा करायला लावणारा आजार, असल्याचं तिला वाटतं, तेही या पेपरच्या पहिल्या महिन्यांत पुष्कळांचं होतं. मेडिकलच्या मुलांचंही होतं. जो धडा वाचावा तो आजार आपल्यालाच झालाय असं वाटतं. रात्री गॅस दोनदा बघणं हा स्वभाव झाला. कुलूप तपासण्यात रोज तास-दीड तास जातो, थांबावंसं वाटूनही थांबता येत नाही, परीक्षेची वेळ चुकते, तेव्हा तो आजार होतो. ती अभ्यास करत राहिली तर हा फरक तिला लवकरच कळेल. तरी तिला स्वतःला खरंच त्रास होत असेल, तर तिचंही ऐकून घ्या. ज्या घरात भावाबद्दल बोलायची मुभा नाही, तिथे बहिणीची झोप उडाली तर मला नवल वाटणार नाही.

आणि ‘एवढं येतं तर तूच समजाव त्याला’ हे तुमचं वाक्य. तुम्ही ते रागात बोलला असाल, पण पुढच्याच वाक्यात ‘घरातली गोष्ट घरात राहील’ असं आहे, म्हणजे मनात तसा बेतही आहे. हा बेत सोडा. मोठमोठे अनुभवी तज्ज्ञही आपल्या रक्ताच्या माणसावर उपचार करत नाहीत, दुसऱ्या तज्ज्ञाकडे पाठवतात. बहिणीने भावाचं ऐकायचं असतं, त्याच्यासोबत चहा प्यायचा असतो, कधी भांडायचं असतं. तिला त्याची डॉक्टर केलंत तर त्याची बहीण जाईल आणि डॉक्टरही मिळणार नाही. उद्या काही बरंवाईट झालं तर ती आयुष्यभर स्वतःला दोषी धरेल. एकाच मुलीला तुम्ही दोन उलट गोष्टी सांगताय : हा विषय सोड, आणि या विषयाच्या जोरावर भावाला बरा कर. २० वर्षांच्या मुलीच्या खांद्यावर ठेवायचं हे ओझं नाही.

त्यातच तो जुना समज येतो, की समजावून सांगितलं की डोक्यातला संशय जातो. तो जात नाही. भ्रम हा शेंड्यापासून मुळापर्यंत त्या माणसाला खरा वाटतो. तुम्ही पुरावा द्याल तर तो तुम्हालाही त्या कटात धरेल. म्हणून त्याच्याशी वाद घालू नका, आणि ‘हो, तू म्हणतोस तसंच आहे’ असंही म्हणू नका. ‘तुला भीती वाटतेय ना, आम्ही आहोत’ एवढं म्हणता येतं, आणि ते खरं असतं. दोन-चार महिन्यांत कुणी ‘लग्न लावून द्या, सुधारेल’ असाही सल्ला देईल. ऐकू नका. लग्न हे कुठल्याच मानसिक आजाराचं औषध नाही, आणि त्यात दुसऱ्याची मुलगी होरपळते.

तुम्ही मिरजेपासून फार लांब नाही. तिथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग आहे, खर्च परवडेल असा आहे. मुलगा यायला तयार नसेल तर पहिल्यांदा तुम्ही दोघंच जा, सगळं सांगा आणि त्याला कसं आणायचं ते विचारा. ‘कोल्हापूरला देवीला जाऊ’ म्हणून फसवून नेऊ नका. झोप येत नाही ही त्याचीही अडचण आहे, तिच्यासाठी डॉक्टरांना भेटू या, असं सांगून अनेक मुलं येतात. १४४१६ हा टेलि-मानसचा, म्हणजे मानसिक त्रासासाठी फोनवर मदत देणारा सरकारी नंबर आहे, मोफत आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. वर्कशॉपमधलं थिनर आणि घरात फवारणीचं औषध असेल तर तेही आजच कुलपात ठेवा. मरणाची भाषा केली, किंवा कुणावर धावून गेला, तर ओपीडीची वाट न बघता त्याच दिवशी थेट कॅज्युअल्टीत न्या.

‘वेड्यांत काम’ हा शब्द मला लागला. आपल्याकडे येरवडा आणि ठाणं ही गावांची नावं माणसाला हिणवायला वापरली गेली, त्यामुळे ही भीती तुमच्या एकट्याची नाही. पण १९५२ साली पॅरिसमध्ये मानसिक रुग्णांवर क्लोरप्रोमझिन हे औषध वापरायला सुरुवात झाली, आणि ज्यांना आधी वर्षानुवर्षं कोंडून ठेवत त्यांतले कितीतरी लोक हळूहळू घरी राहू लागले. आज बहुतेक रुग्ण ओपीडीत येतात, गोळ्या घेतात, कामावर जातात. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांपैकी सुमारे १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता. शंभर घरांच्या तुमच्या गल्लीत तुम्ही एकटे असणं शक्यच नाही. स्थळाचं म्हणाल, तर भावाच्या आजारामुळे जे घर परत जाईल ते उद्या तुमच्या मुलीला साधा थायरॉइड झाला तरी माहेरी धाडेल. तसं स्थळ गेलेलं बरं.

आता तुमच्या प्रश्नाकडे. टीवायला विषय सोडायला लावू नका, हातात आलेली पदवी जाईल. एमपीएससी कुठल्याही पदवीवर देता येते, मानसशास्त्राच्याही, आणि ती तिला द्यायची असेल तरच. या क्षेत्रात राहायचं असेल तर बीएवर कुणी समुपदेशक होत नाही, एमए लागतं. ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ म्हणवून घ्यायला भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेला अभ्यासक्रम आणि परिषदेची नोंदणी हवी. त्या अभ्यासक्रमांची रचना सध्या बदलते आहे, म्हणून कुठेही फी भरण्याआधी परिषदेच्या यादीत संस्थेचं नाव तिने स्वतः तपासावं. औषधं लिहून देणारे मानसोपचारतज्ज्ञ वेगळे, ते एमबीबीएसनंतर एमडी करतात. एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातलं पदव्युत्तर शिक्षण, करून रुग्णांच्या घरच्यांसोबत काम करायचा रस्ताही आहे, आणि आज तिच्या घरात जे चाललंय ते पाहता तो तिला जवळचा वाटू शकेल. पण भावासाठी म्हणून तिने हे क्षेत्र धरू नये, आणि भावामुळे सोडूही नये. भावावर उपचार सुरू होऊन सहा महिने जाऊ द्या, मग तिलाच विचारा. तोवर ती फक्त परीक्षा देईल.

एक काम मात्र आजच करा. शिडी लावा, माळ्यावरून ती वही खाली काढा, धूळ पुसा आणि मुलीच्या हातात द्या. डॉक्टर पहिल्याच भेटीत विचारतील, हे कधीपासून, आधी झोप गेली की आधी कॉलेज सुटलं, कागद खिडकीला कुठल्या महिन्यात लागले. तुम्हा दोघांना ते नीट आठवणार नाही. तिने तारखा लिहून ठेवल्या आहेत. ती हो म्हणाली, तर ओपीडीला जाताना वही सोबत न्या.