येमोजा, येमाया आणि नसलेली शेपटी

प्रश्न असा आहे: योरुबा (मुख्यतः नायजेरियातला एक समाज) पुराणकथा बाईच्या नजरेतून नव्याने लिहिणाऱ्या एका कादंबरीकर्तीची मराठीत ओळख वाचली. तीत एका जलदेवतेचं नाव कुठे येमोजा, कुठे येमाया, आणि वर्णन 'समुद्रातली जलपरी'. बरोबर काय?

'जलपरी' आधी खोडा. परकी जलदेवता दिसली की तिला माशाची शेपटी चिकटवायची, ही आपल्या अनुवादकांची खोड चीड आणणारी आहे.

येमोजा म्हणजे 'येये ओमो एजा'. येये आई, ओमो लेकरू, एजा मासा. मासे जिची लेकरं, ती माय! नावातले मासे तिच्या पोटचे आहेत, कमरेखालचे नव्हेत. (आणि 'जा'चा ज 'जन्म'मधला, 'जाळं'मधला नव्हे.) शेपटी शोभते ती मामी वाटा या दुसऱ्याच जलदेवतेला, जिच्या रूपात युरोपी जहाजांवरच्या मत्स्यकन्या मिसळल्या. मामी वाटाचं दुसरं रूप तर एकोणिसाव्या शतकात हॅम्बुर्गला छापलेल्या नागधारिणीच्या चित्रातून आलं. ते चित्र १९५५ मध्ये आपल्या मुंबईत पुन्हा छापून पश्चिम आफ्रिकेत गेलं.

आता माझं मत. प्रचलित कथेत येमोजा ही ओकेरे राजाची बायको. तो तिच्या स्तनांवरून तिला हिणवतो, ती घर सोडून पळते आणि नदी होते. पण नावात हा नवरा कुठेच नाही, अपमान नाही, आहेत ती फक्त लेकरं. मला हे नाव त्या कथेहून जुनं वाटतं. बाईच्या बाजूने लिहू पाहणाऱ्या कादंबरीकर्तीला बळ मिळतं ते या नावातूनच.

इथे 'बाईची बाजू' ही कल्पनाच योरुबांना परकी, असं म्हणत काही जण नायजेरियन समाजशास्त्रज्ञ ओयेरोन्के ओयेवुमी यांचं १९९७चं पुस्तक पुढे करतील: वसाहतीआधी योरुबा समाजाची मांडणी स्त्री-पुरुष भेदावर नव्हती, वयाच्या मानावर होती, आणि योरुबातलं 'ओ' हे सर्वनामही 'तो-ती' सांगत नाही. वयाचा मुद्दा भक्कम आहे. सर्वनामाचा मात्र अगदीच लंगडा. फारसीतलं 'ऊ'सुद्धा लिंग सांगत नाही. म्हणून इराणात बायका-पुरुषांना एकच न्याय होता असं कोण म्हणेल? सर्वनाम गप्प राहिलं तरी 'येये' स्पष्ट बोलतं.

समुद्राचं म्हणाल तर नायजेरियात तिचं पाणी गोडं: अबेओकुटा शहरातली ओगुन नदी. (लोखंडाचा देव ओगुन निराळा. योरुबात दोघांचे सूर वेगळे, देवनागरीत ते दिसत नाहीत.) समुद्र ओलोकुन या वेगळ्या देवतेचा. गुलाम करून अटलांटिकपार नेलेल्या माणसांबरोबर येमोजाही गेली आणि तिकडे खाऱ्या पाण्याची झाली. क्यूबात येमाया, ब्राझीलमध्ये येमांझा. तिथे साल्वादोरला २ फेब्रुवारीला तिच्यासाठी समुद्रात फुलं सोडतात. तेव्हा कथा नायजेरियात घडत असेल तर येमोजा, क्यूबात असेल तर येमाया. एकाच परिच्छेदात दोन्ही नकोत.