वर्गासाठी वर्गणी: रोख की सामान?

प्रश्न : न्यू जर्सीतल्या उपनगरात आमची मुलगी पब्लिक हायस्कूलमध्ये शिकते. केमिस्ट्रीच्या बाईंना डिजिटल वजनकाटे हवे आहेत. आम्ही पालकांनी गोफंडमी या ऑनलाइन देणग्या गोळा करायच्या वेबसाइटवर पैसे जमवावेत का?

उत्तर : शक्यतो नको. गोफंडमी प्रत्येक देणगीमागे 2.9 टक्के आणि वर 30 सेंट कापतं. म्हणजे 10 डॉलरमधले 59 सेंट गेलेच. शिवाय पैसे कोणा एकाच्या खात्यात जमा झाले की पावत्या त्याच्याच गळ्यात, आणि अशा देणगीवर करसवलत नाही.

त्यापेक्षा वर्गाच्या सामानासाठी देणग्या जमवणारी डोनर्सचूज ही संस्था बरी. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातले शिक्षक चार्ल्स बेस्ट यांनी ती 2000 साली सुरू केली. मागणी बाईंनीच नोंदवायची, पालकांना ते जमत नाही. त्यांनी ठरावीक विक्रेत्यांकडच्या वस्तू निवडायच्या. पूर्ण रक्कम जमली की संस्था खरेदी करून माल थेट शाळेत पाठवते. सामान शाळेच्या मालकीचं, त्यामुळे बाई बदलून गेल्या तरी काटे तिथेच राहतात. आधी डिस्ट्रिक्टची, म्हणजे भागातल्या पब्लिक शाळा चालवणाऱ्या कार्यालयाची, परवानगी मात्र विचारून ठेवा.

चार महिन्यांत पूर्ण रक्कम जमली नाही तर अर्धंमुर्धं सामान येत नाही. म्हणून यादी आखूड हवी. 24 मुलांच्या वर्गाला 24 काटे कशाला? तिघांत एक, म्हणजे 8 पुरतात. 0.01 ग्रॅमपर्यंत मोजणारे घ्या, 0.001 चे महाग, आणि वाऱ्याच्या झुळकीनेही त्यांचा आकडा हलतो. हमखास राहून जातं ते कॅलिब्रेशनचं वजन, म्हणजे काटा बरोबर दाखवतो का हे पडताळायचं नेमक्या मापाचं वजन. ते नसेल तर काट्यांची तपासणी होत नाही आणि आठ गटांचे आठ आकडे येतात. अॅडॉप्टरही यादीत घाला, नाहीतर सेल संपले की काटे कपाटात.

जोड-देणगी देणाऱ्या, म्हणजे लोकांच्या देणगीत आपली भर घालणाऱ्या, कंपन्या बहुधा गरीब वस्तीतल्या शाळांकडे वळतात, आणि ते रास्तच आहे. उपनगरातल्या शाळेने भिस्त आपल्या पालकांवरच ठेवावी. स्वतःची कंपनी देणगीच्या बरोबरीने पैसे घालते का, हे एचआरला विचारा. देणगी भरताना संस्थेच्या खर्चासाठी 15 टक्के सुचवलेले दिसतील. ते ऐच्छिक आहेत.

प्रश्न : पुण्याहून नातीच्या अमेरिकेतल्या वर्गासाठी पैसे दिले, तर देणगीवरची 80जीची करसवलत मिळेल?

उत्तर : नाही. 80जी भारतात मान्यता असलेल्या संस्थांपुरतं आहे. सवलत हवीच असेल तर मुलाला अमेरिकेतून त्याच्या नावाने, त्याच्या पैशांतून देऊ द्या. तिथल्या नियमांत बसलं तर ती त्याला मिळेल.