पडवीत, पण ओटीवर

प्रश्न असा आहे: ठाण्याजवळच्या ऐरोलीतल्या एका रो-हाऊसच्या नकाशावर दारापुढच्या छपराखालच्या जागेला ‘पोर्च’ म्हटलंय. तिला मराठीत पडवी म्हणायचं, ओसरी की ओटी? की तिन्ही एकच?

एकच नाहीत. फरक कळायला कोशसुद्धा उघडावा लागत नाही, शब्दाला काय चिकटतं तेवढं ऐकायचं. आपण पडवीत बसतो, पण ओटीवर बसतो. घराचं छप्पर भिंतीच्या पुढे उतरतं नेलं की त्याखाली मिळते ती पडवी. वासे इतके खाली येतात की उंच माणसाला वाकून शिरावं लागतं. ती घराच्या कुठल्याही अंगाला असू शकते. सरपण रचायची ती मागली पडवी. कोकणातल्या घरात पुढच्या पडवीतून पायरी-दोन पायऱ्या चढलं की ओटी. पाहुण्यांची उठबस तिथे, झोपाळा तिथे, आणि तिच्यामागे माजघर. ‘मागली ओटी’ म्हणून पाहा, कानाला खटकेल.

ओसरी जास्त करून देशावरच्या वाड्यातली, चौकाकडे तोंड केलेली, खांबांची. ओसरीवर आणि ओसरीत, दोन्ही चालतं. ‘भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी’ ही म्हण तिलाच शोभते, कारण परक्याला टेकू द्यायची जागा तीच.

ओट्याला छपराची अट नाही. कोळीवाड्यांत, गावठाणांत तो अजून दारापुढे दिसतो. फ्लॅटात दारापुढे लिफ्ट आली, तसा ओटा स्वयंपाकघरापुरता उरला आणि त्यावर गॅस बसला.

व्हरांडा पोर्तुगीज ‘वरांदा’च्या गोतातला. ठाणं १७३७पर्यंत पोर्तुगीजांकडे होतं, म्हणून तो इथेच रुजला असं म्हणायचा मोह होतो. तो आवरलेला बरा.

आता तुमचा नकाशा. तिथे गाडी उभी राहणार असेल तर पोर्च खुशाल ठेवा. काही जण देवडी सुचवतील, पण देवडी म्हणजे वाड्याच्या दरवाजातली पहारेकऱ्यांची जागा. तिथे गाडी लावणं मला पटत नाही. उतरतं छप्पर आणि खाली खुर्च्या असतील तर पडवी. वर सपाट स्लॅब आणि खाली दोन पायऱ्यांचं जोतं असेल तर मी ओटी म्हणेन. करारनाम्यात मात्र नकाशावरचा पोर्चच राहू द्या, नाहीतर क्षेत्रफळ मोजताना उगाच वाद व्हायचा.