हँडल फ्लॅश छोट्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यावर घट्ट कसा बसवायचा?

तुम्ही लिहिलंय की कॅननेट क्यूएल 17 जी-3 या कॅननच्या छोट्या रेंजफाइंडर कॅमेऱ्याला (ज्यात खिडकीतल्या दोन प्रतिमा जुळवून फोकस करतात) मेट्झ 45 हा हँडल फ्लॅश, म्हणजे कॅमेऱ्याच्या बाजूला दांड्यावर उभा राहणारा आणि तळाच्या धातूच्या पट्टीने जोडलेला फ्लॅश लावलाय, पण स्क्रू कितीही आवळला तरी थोड्या वेळाने कॅमेरा पट्टीवर फिरतो आणि फ्लॅशचं तोंड भलतीकडे जातं.

आधी एक विनंती, स्क्रू आणखी आवळू नका. या छोट्या कॅमेऱ्यांच्या तळाचा पत्रा पातळ असतो आणि ट्रायपॉडचे आटे त्यातच बसवलेले असतात. पक्कड लावून आवळलं तर पत्रा वाकतो, आटे खेचले जातात, आणि मग कुठलाच स्क्रू धरत नाही. शिवाय पट्टीचा स्क्रू जास्त लांब असेल तर तो भोकाच्या तळाला टेकतो. हाताला घट्ट लागतो, पण कॅमेरा आणि पट्टी यांच्यात फट तशीच राहते. तुमच्याकडे बहुधा हेच होत असावं. काडेपेटीची काडी भोकात घालून खोली बघा आणि पट्टीतून वर येणारा स्क्रूचा भाग त्याहून कमी आहे ना, ते ताडून पाहा. जास्त असेल तर स्क्रूच्या डोक्याखाली एखादं वायसर घाला.

आता फिरण्याबद्दल. कॅननेट साधारण 620 ग्रॅमचा आहे. मेट्झमध्ये सहा पेन्सिल सेल घातले की तो कॅमेऱ्यापेक्षा जड होतो. एवढं वजन एका पाव इंची स्क्रूवर, तेही एका बाजूला. कॅमेरा आडवा धरलात तर फारसं बिघडत नाही. उभ्या फ्रेमसाठी वळवलात की फ्लॅश वर जातो, पुढे नाहीतर मागे कलंडायला बघतो आणि त्या ओढीने स्क्रू सुटत जातो. पट्टीचा धातू आणि कॅमेऱ्याचा गुळगुळीत तळ यांच्यात पकडच नसते, म्हणून नुसत्या आवळण्याने ते थांबत नाही.

पकड आणायला सायकलची जुनी ट्यूब उत्तम. पट्टीच्या मापाचा तुकडा कापा, स्क्रूसाठी भोक पाडा आणि तो पट्टीला चिकटवून टाका. सुटा ठेवलात तर तोच सरकतो. जाड, मऊ फोम मात्र घेऊ नका. तो दबत राहतो आणि कॅमेरा डुलतो. पातळ रबर किंवा कॉर्क हवा, ज्यावर तळ सपाट बसेल. मग हाताने आवळलेलासुद्धा पुरतो.

एवढ्यावरही समाधान नसेल तर पट्टीच्या मागच्या कडेला उभा ओठ लावून घ्या. कॅमेऱ्याची पाठ त्याला टेकली की फिरायला जागाच उरत नाही. ॲल्युमिनियमचा काटकोनी तुकडा दोन रिव्हेट मारून कुठलाही फॅब्रिकेशनवाला लावून देईल. मात्र ओठ बुटका ठेवा, नाहीतर मागचं दार उघडणार नाही. आणि तो पुढच्या बाजूला मुळीच नको, कारण कॅननेटचा फोकसचा खटका लेन्सच्या खालच्या अंगाला आहे. तिथे बोट फिरायला जागा लागते. रेंजफाइंडर घेऊन फोकस करता आला नाही तर मग काय उपयोग?

स्क्रू बदलायचा झाला तर हार्डवेअरच्या दुकानात पाव इंची, इंचाला 20 आट्यांचा मागा. व्हिटवर्थचा, म्हणजे जुन्या ब्रिटिश मापाच्या आट्यांचा असला तरी इथे चालतो. मिलिमीटरचा 6 नंबरी दिसायला तसाच असतो, पण तो जबरदस्तीने घालू नका, आटे जातील. डोकं मोठं आणि खाचांचं घ्या, बोटांनी फिरवता येईल असं. रोल संपल्यावर रिवाइंडचं बटण दाबायचं असतं आणि ते तळाशीच आहे. पट्टीने ते झाकलं जात असेल तर दर रोलला पट्टी काढावी लागेल.

आणखी एक युक्ती मला फार भरवशाची वाटते. कॅमेऱ्याच्या डाव्या बाजूला गळ्यातला पट्टा अडकवायची जी कडी असते, तिच्यातून नायलॉनची जाड दोरी ओवून ती फ्लॅशच्या दांड्याला ताणून बांधा. स्क्रू सुटलाच तरी कॅमेरा खाली पडत नाही, आणि ताण असल्यामुळे फिरणंही कमी होतं.

धरायचं कसं, तर सगळं वजन डाव्या हाताने दांड्यावर पेला. आडवी फ्रेम असो की उभी, कॅमेरा फ्लॅशला टांगलाय असं समजा. उजव्या हाताकडे फक्त बटण आणि खटका. गळ्यात अडकवून फिरू नका, कारण तेव्हा अख्खा फ्लॅश त्या पातळ पत्र्याला लोंबकळतो. डाव्या हाताची बोटं व्ह्यूफाइंडरच्या खिडकीवर येत नाहीत ना, तेही पाहा. येत असतील तर पट्टीच्या खाचेत कॅमेरा थोडा उजवीकडे सरकवा.

फ्लॅशपासून कॅमेऱ्यापर्यंत जाणाऱ्या कॉर्डला थोडी ढील ठेवा आणि तिचा एक वळसा दांड्याला द्या, म्हणजे हिसका पिनेला बसत नाही.

शेवटी रोल घालण्याआधी तपासा. ॲपर्चर ‘ए’वरून (ऑटोवरून) काढून 1.7 वर, म्हणजे पूर्ण उघडं ठेवा, शटर 1/500 वर, मागचं दार उघडून पांढऱ्या भिंतीकडे रोखा आणि लेन्समधून बघत बटण दाबा. कॅननेटचं शटर लेन्समध्येच उघडमीट करणाऱ्या पात्यांचं आहे, त्यामुळे कुठल्याही वेगाला फ्लॅश जुळतो आणि उजेडाचा गोल दिसायला हवा. मग कॅमेरा उभा करा, हलकेच हलवा आणि पुन्हा दाबा. गोल दर वेळी दिसला आणि पट्टी जागची हलली नाही, तर रोल भरा.